इंटरकूलरचं ॲल्युमिनियम : भट्टीवाल्यानं विचारलेला प्रश्न

बस-ट्रकच्या टर्बो इंजिनांसाठी रिप्लेसमेंट इंटरकूलर (टर्बोनं दाबलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग) बनवायचे, असं आमच्या भोसरीतल्या युनिटनं ठरवलं आणि माल शोधायचं काम माझ्याकडे आलं. याआधी मी रेडिएटरचे पार्ट खरेदी करायचो. तिथे ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं आणि ग्रेड त्यावरच छापलेली. इथे हातात होता फक्त कापून उघडलेला एक जुना नमुना आणि ॲल्युमिनियमच्या ग्रेडबद्दल शेठचा हुकूम : "६०६१ घ्या. विमानाला वापरतात, एक नंबर माल."

६०६१साठी मुंबईच्या गुलालवाडीत, धातूच्या बाजारात, दोन-चार फोन लावले. एका व्यापाऱ्यानं एचई-३० देऊ केलं, म्हणजे ६०८२. "एकच आहे हो साहेब, चालतंय सगळीकडे." मशीनिंगच्या ब्रॅकेटला चालतंही. पण आमचा कोअर, म्हणजे ट्यूब, फिन (उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) आणि हेडर प्लेट (ट्यूबची टोकं बसतात तो पत्रा) एकत्र बांधून, चाकणला जॉबवर्कच्या भट्टीत ब्रेझिंगला (लवकर वितळणाऱ्या धातूनं सांधे जोडायला) जाणार होता. त्या भट्टीवाल्याला फोन केला, तर त्यानं ना साइज विचारला, ना क्वांटिटी. पहिला प्रश्न : "मॅग्नेशियम किती आहे मालात?"

पुढची सगळी खरेदी या एका प्रश्नावर फिरली. नायट्रोजनच्या भट्टीत कोअर साधारण ६०० अंशांपर्यंत तापतो. पत्र्यावर सिलिकॉन जास्त असलेल्या ४३४३ किंवा ४०४५चा पातळ थर चढवलेला असतो. तो आधी वितळतो आणि सांध्यात धावतो, आतला ३००३ ग्रेडचा पत्रा घट्टच राहतो, कारण तो ६४० अंशांच्या पुढेच वितळायला लागतो. ६०६१ मात्र ५८२ अंशांनाच वितळायला सुरुवात करतो. शिवाय त्यातलं एक टक्क्याच्या आसपासचं मॅग्नेशियम फ्लक्स (पत्र्यावरचा ऑक्साइड काढणारं रसायन) खाऊन टाकतं आणि सांधे कोरडे राहतात. बरं, समजा निघाला तो भट्टीतून धड, तरी ज्या टी-६ टेंपरसाठी (उष्णतेच्या प्रक्रियेनं आणलेला कडकपणा) जादा पैसे मोजले ती ताकद तिथेच गेली. पुन्हा हवी तर क्वेंचिंग (तापवून झटकन थंड करणं) आणि एजिंग (नंतर कमी उष्णतेवर मुरवणं) आलं. इतक्या पातळ फिनांचा कोअर कोण क्वेंच करणार?

शेठला हे पटवायला वेळ लागला. "३००३ म्हणजे भांड्यांचं ॲल्युमिनियम की हो!" त्यात खोटं काही नाही, पातेली त्याचीच होतात. भट्टीतून निघालेला ३००३ मऊच असतो, ताणात ११० मेगापास्कलच्या आसपास. म्हणून ताकद ग्रेडमधून न मागता जाडीतून आणि ट्यूबच्या आतल्या फिनांतून काढायची. आम्ही हेडर प्लेट दीड मिलिमीटरची घेतली.

नमुन्याचा पत्रा आला, सोबत टेस्ट सर्टिफिकेट. कागदावर सगळं ३००३. कॉइलच्या टॅगवरचा हीट नंबर (धातूच्या घाण्याचा नंबर) मात्र सर्टिफिकेटशी जुळेना, म्हणून तुकडा घेऊन मी लॅबला गेलो. आधी तिथल्या पोरानं हातातली एक्सरे गन लावली. मी म्हटलं, थोडं मॅग्नेशियम या गनला नीट दिसत नाही, ठिणगी पाडून घटक मोजणारा स्पार्क स्पेक्ट्रो करू. पहिल्या स्पार्कला सिलिकॉन सात टक्के! पोरगा गडबडला. पण तो वरचा थर होता. बेल्टवर घासून तो काढला, चकचकीत पत्र्यावर पुन्हा चार काळे ठिपके पाडले आणि आतला माल बोलायला लागला : मँगनीज ०.५, मॅग्नेशियम ०.४. ३००३मध्ये मँगनीज १ ते १.५ असायला हवं आणि मॅग्नेशियम जवळजवळ नकोच. हा ३१०५ निघाला, छपराच्या पत्र्यात चालणारा. व्यापाऱ्याला रिपोर्ट पाठवला. त्यानं वाद न घालता कॉइल परत घेतली, यावरून काय ते समजलो.

कोअरच्या दोन टोकांना हवा आत-बाहेर नेणारे टँक लागतात, त्यांचं गणित वेगळं. कारमध्ये बऱ्याचदा ग्लास भरलेल्या नायलॉनचे टँक गॅस्केट लावून क्रिंप करतात, म्हणजे कडा दुमडून बसवतात. आमच्या बसला ॲल्युमिनियमचेच हवे होते, कारण टर्बोकडून येणारी हवा दीडशे अंशांच्याही वर जाते. प्रेशर डायकास्टिंगवाल्यानं एडीसी-१२ या ओतीव ग्रेडमध्ये भाव सांगितला. भाव खरंच चांगला होता. आमच्या वेल्डर मामांनी त्या मालाचा तुकडा टॉर्चखाली घेतला आणि वितळलेल्या डबक्यातून फुसफुस बुडबुडे यायला लागले. कास्टिंगच्या आत कोंडलेला गॅस, दुसरं काय. मामा म्हणाले, "हे वेल्ड करायला मला सांगू नका." शेवटी घेतला एलएम-२५ या ओतीव ग्रेडचा, ग्रॅव्हिटी डायकास्टिंगचा, म्हणजे दाब न देता साच्यात ओतलेला. नग महाग पडला, पण पाण्याच्या टाकीतल्या लीक टेस्टला रीवर्क उरला नाही.

सुरुवातीचे काही टँक आम्ही पत्र्यातून बनवले. तेव्हा ५०८३चा प्रस्ताव आला होता, जहाजाचा माल म्हणून. तो मी नाकारला. ज्यात मॅग्नेशियम तीन टक्क्यांच्या वर, तो माल सतत ६५ अंशांच्या वर तापत राहिला तर कणांच्या सीमेवर मॅग्नेशियम साचतं आणि ताणाखाली गंजून भेगा पडतात. इनलेट टँकला ते परवडणार नाही. ५०५२मध्ये ते अडीच टक्क्यांच्या आसपास, म्हणून तो घेतला. हाच नियम वेल्डिंगच्या रॉडला : ५३५६ बाजूला, ४०४३ वापरायचा. मामांना ५३५६ची सवय होती, त्यामुळे स्टोअरमधून ती पाकिटंच हलवली.

राहिला फिन. कोकणात धावणाऱ्या बससाठी इंटरकूलर द्यायचा, तर आधी गंजावं फिननं, ट्यूबनं नाही. फिन गेला तर थंडावा थोडा कमी होतो, ट्यूबला भोक पडलं तर बूस्टच (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) जातो. जस्त असलेला फिन ट्यूबच्या आधी गंजतो, म्हणून फिनच्या पट्टीत एक-दीड टक्का जस्त मागितलं. अडचण ग्रेडची आली नाही, मिनिमम ऑर्डरची आली. मिल सांगते तेवढी कॉइल आम्हाला वर्षभरात संपायची नाही. शेजारच्या गाळ्यातल्या रेडिएटरवाल्याला तीच पट्टी चालते. त्याच्याशी निम्म्या-निम्म्या कॉइलचं बोलणं सुरू आहे. रुंदी कुणाची धरायची, एवढ्यावरच सध्या अडलंय.