चक्कर, पावतीची मागची बाजू आणि वांगणीचं आकाश

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. डोंबिवलीत राहणारा, बँकेत नोकरी करणारा बावन्न वर्षांचा माणूस आहे आणि अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी बदलापूरच्या पुढे वांगणीला जाऊन रात्रभर आकाश बघणं एवढंच एक व्यसन आहे, ते बावीस वर्षं टिकून आहे. हे व्यसन मला चक्करेमुळे जवळजवळ पाच महिने बंद ठेवावं लागलं आणि त्यातला जवळजवळ दीड महिना नुसता एका काउंटरपायी गेला, म्हणून हे लिहितोय. राग अजून गेलेला नाही हे वाचताना कळेलच.

डिसेंबर २०२३, १३ तारखेची रात्र. मिथुन राशीतला उल्कावर्षाव, अमावस्या नुकतीच झालेली, म्हणजे चंद्राची कटकट नाही, गुरुवारची रजा आधीच टाकलेली. नेहमीच्या शेतात ताडपत्री अंथरली, पुनर्वसूचे दोन तारे चांगले वर आले होते, म्हटलं आता आडवं व्हावं. पाठ टेकली, हनुवटी वर केली, मान जराशी उजवीकडे वळवली आणि अख्खं आकाश गर्रकन फिरायला लागलं. म्हणजे डोकं जड झालं वगैरे नाही, खरंच तारे फिरताना दिसत होते, फोटोत ध्रुवाभोवती गोल रेघा येतात ना तसे. पहिला सेकंदभर तर मला भारी वाटलं हो. मग पोटातलं पिठलं वर यायला लागलं तेव्हा कळलं काहीतरी गडबड आहे. अर्ध्या मिनिटात थांबलं. परत मान वळवली, परत सुरू. बाकीची रात्र मी खुर्चीत ताठ बसून समोरचं क्षितिज बघत काढली, डोक्यावरून उल्का जात होत्या आणि आमच्या ग्रुपमधली पोरं ओरडत होती, "काका, ही बघितली का?"

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो कारण बहुतेकांचं हेच होतं. नेहमीच्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढायला लावला, पन्नाशीच्या माणसाच्या मानेत झीज दिसणारच, ती दिसली, "सर्व्हायकल आहे" म्हणाले, पट्टा आला, बीटाहिस्टिनच्या गोळ्या आल्या दिवसातून तीनदा. गोळ्यांनी झोप येत होती की मला वाटत होतं कोण जाणे, पण उजव्या कुशीवर वळलं की गरगर जशीच्या तशी. मग कुणीतरी म्हणालं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखव, तिथे एमआरआय झाला, नॉर्मल आला. मेंदू जागेवर आहे असा लेखी पुरावा आता माझ्याकडे आहे, बायकोला दाखवला, तिला पटलेला नाही.

तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि लिहून दिलं, व्हीएनजी करून या. डोळ्यांवर एक जाड गॉगल बांधतात, आत कॅमेरे असतात, अंधारात बुबुळं कशी हलतात ते टिपतात, शिवाय कानात आधी गार मग कोमट हवा किंवा पाणी सोडतात. चांगली टेस्ट आहे, टेस्टबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार चौथ्या मजल्याबद्दल आहे.

चौथ्या मजल्यावर एक काउंटर, काउंटरवर एक रजिस्टर आणि एक कॉम्प्युटर, आणि दोघांचं आपसात पटत नसावं कारण रजिस्टरमध्ये असलेली तारीख कॉम्प्युटरमध्ये कधीच नसते. ३० जानेवारीला मी पैसे भरले, तीन हजार आठशे. तारीख मिळाली २० फेब्रुवारी, शिवजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊ. हातात एक झेरॉक्स दिली, त्यावर माझं नाव, तारीख आणि "सोबत नातेवाईक आणावा". मी बँकवाला माणूस, कागद नीट वाचतो, दोनदा वाचला.

वीस तारखेला मी आणि बायको दोघंही रजा टाकून सव्वानऊला हजर. लोकलमध्ये मला उभं राहताना दांडीवर बघवत नव्हतं, मान वर केली की संपलं, तरी गेलो. टोकन ७. साडेनऊचे अकरा झाले, अकराचे पावणेबारा. समोर भिंतीवर टीव्ही, त्यावर हॉस्पिटलची जाहिरात, एक आजोबा हसत हसत नातवाला उचलतात, ती मी चाळीस वेळा तरी बघितली असेल. शेवटी नाव पुकारलं. आत एक टेक्निशियन बाई, बोलायला अगदी चांगल्या, गॉगल हातात घेतलेला, आणि विचारलं, "काका, चक्करेची गोळी शेवटची कधी घेतलीत?"

मी शहाण्या मुलासारखा म्हणालो, "सकाळीच, नाश्त्यानंतर. एकही चुकवली नाही दीड महिन्यात."

त्यांनी गॉगल खाली ठेवला. "अठ्ठेचाळीस तास आधी बंद करायची असते. नाहीतर टेस्टला अर्थ नाही. सांगितलं नाही का कुणी?"

नाही सांगितलं. "स्लिपच्या मागे सगळं लिहिलंय." मी स्लिप उलटी केली. मागे कोरं. पांढरं शुभ्र. बाईंनी ड्रॉवरमधून मूळ छापील स्लिप काढून दाखवली, तिच्या मागे नऊ सूचना, तिसरी गोळ्यांची. छापील स्लिपा संपल्या म्हणून काउंटरवाल्यांनी झेरॉक्स मारल्या होत्या आणि झेरॉक्स एकाच बाजूची. बाईही दोन क्षण गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "बाहेर नवी तारीख घ्या."

बाहेर नवी तारीख १४ मार्च.

आता ज्यांना आकाशाचा नाद नाही त्यांना १४ मार्चमध्ये काय वाईट ते कळणार नाही. मेसिए नावाच्या फ्रेंच माणसाने अठराव्या शतकात धूमकेतूसारख्या दिसणाऱ्या पण धूमकेतू नसलेल्या धूसर ठिपक्यांची यादी केली, ती आज ११० ची मानतात. मार्चमधल्या अमावस्येच्या सुमारास एका रात्रीत जवळजवळ सगळे दिसू शकतात, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एकामागून एक पकडत जायचं, त्याला मॅरेथॉन म्हणतात. वर्षातून एकदाच जमतं. २०२४ ला तो शनिवार होता ९ मार्च, महाशिवरात्रीचा दुसरा दिवस. मी काउंटरवर म्हटलं, "मॅडम, ९ च्या आधी काही बसवता येईल का?" कारण विचारलं. आता काय सांगणार, मेसिए? म्हटलं घरचं कार्य आहे. "सिस्टीममध्ये नाहीये सर."

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. पावती म्हणे ३० दिवसच चालते. ३० जानेवारीची पावती १४ मार्चला कशी चालेल? मुदत वाढवायचा अर्ज तळमजल्यावर मिळतो, त्यावर विभागप्रमुखांची सही लागते, विभागप्रमुख कॉन्फरन्सला गेलेले, सोमवारी येतील. सोमवारी गेलो, ते ऑपरेशनमध्ये. बुधवारी गेलो, सही मिळाली पण शिक्का खाली, आणि खाली जेवणाची सुट्टी. मी स्वतः एकतीस वर्षं काउंटरच्या पलीकडच्या बाजूला बसलोय, "उद्या या" किती सहज तोंडातून जातं ते मला माहितीय, तरीसुद्धा त्या बुधवारी मी आवाज चढवला. शिक्का मिळाला. त्या शिक्क्याचा मला इतका अभिमान वाटला की येताना बायकोसाठी गजरा घेतला.

९ मार्चला ग्रुप माझ्याशिवाय गेला. रात्री दहाच्या सुमाराला फोटो आला, पुष्यातला तारकागुच्छ, मेसिएच्या यादीतला एम ४४. तो त्या वेळी वांगणीत जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे मला बघणं शक्यच नव्हतं. फोन पालथा ठेवून झोपलो, डाव्या कुशीवर.

हो, एक राहिलं, हे आधी सांगायला हवं होतं. चक्करेबरोबर बोलणं अडखळत असेल, हातपाय लुळा पडत असेल, एकाचे दोन दिसत असतील, चालताना धड उभं राहता येत नसेल, अचानक ऐकू येईनासं झालं किंवा कधी नव्हे असं डोकं दुखत असेल तर माझ्यासारखं महिनोन्महिने फिरत बसू नका, त्याच तासाला इमर्जन्सीला जा. ती वेगळी गोष्ट असू शकते.

तर ११ मार्च. सासूबाईंना कानाचं मशीन बसवायचं होतं म्हणून त्यांना घेऊन आमच्याच इथे, वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या वरती एक तरुण डॉक्टर बसते तिच्याकडे गेलो. सासूबाईंचं चाललं होतं, मी बाजूच्या स्टुलावर. ती मध्येच मला म्हणाली, "काका, तुम्ही मान न वळवता अख्खे वळता. का?" सांगितलं सगळं, फाईल उघडायला लागलो तर म्हणाली फाईल राहू दे. तीन प्रश्न विचारले. गरगरतं की नुसतं हलकं वाटतं? किती सेकंद? मान कशी केल्यावर? आपल्याकडे भोवळ, घेरी, गरगर सगळ्याला चक्करच म्हणतात आणि मी तीन महिने सगळ्यांना "चक्कर येते" एवढंच सांगत होतो. तुम्ही असं करू नका, सेकंद मोजून जा.

मग तिने मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे अर्धी वळवली आणि झटक्यात मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग ते सुरू झालं, वांगणीसारखं. मी टेबल घट्ट धरलेलं, ती शांतपणे माझ्या डोळ्यांत बघत होती. "उजवा कान," म्हणाली. झालं निदान. या तपासणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात, १९५२ पासून आहे, म्हणजे माझ्या जन्माआधीपासून, आणि लागतं काय, तर एक टेबल.

आजाराचं नाव बीपीपीव्ही. आतल्या कानात एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात, त्यातले काही सुटून शेजारच्या अर्धगोल नळीत पडतात, मान वळली की ते घरंगळतात आणि नळीतलं पाणी हलवतात, मेंदूला वाटतं आपण फिरतोय. जत्रेत काचेखाली छर्रे असलेलं खेळणं मिळायचं ना, डबी तिरकी करकरून छर्रा भोकात घालायचा, तिने माझ्या डोक्याचं नेमकं तेच केलं. उजवीकडे धरून थांबली, मग डावीकडे, मग मला कुशीवर करून नाक जमिनीकडे, मग उठवून बसवलं. याला एप्ली म्हणतात, एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने शोधलं, त्याचा पेपर १९९२ चा. पाच-सात मिनिटं. सातशे रुपये, सासूबाईंचे वेगळे.

तीन दिवसांनी परत तपासलं तर गरगर नाही. गोळ्या हळूहळू बंद केल्या, पट्टा माळ्यावर. पण तरंगल्यासारखं पुढे पंधरा दिवस वाटत होतं, ते वाटतं म्हणे, घाबरू नका. एप्रिलमध्ये एकदा परत आलं, तेव्हा तिने शिकवल्याप्रमाणे घरीच केलं, बायको शेजारी बसून सेकंद मोजत होती. व्हिडिओ बघून मनाने करू नका, कान कुठला ते आधी कळायला हवं, चुकीच्या बाजूने केलं तर उपयोग शून्य. ड जीवनसत्त्वही तपासून घ्यायला सांगितलं, माझं कमी निघालं. रात्री बाहेर आणि दिवसा बँकेत, निघणारच.

१४ मार्चला मी तरीही चौथ्या मजल्यावर गेलो, टेस्ट रद्द करून पैसे परत घ्यायला. मुदतवाढ घेतलेल्या पावतीचा परतावा मिळत नाही म्हणाले. कुठे लिहिलंय विचारलं. मागच्या बाजूला.

खडे जागेवर गेले तरी भीती जागेवर जायला वेळ लागला. पहिल्यांदा गच्चीवर आरामखुर्ची, मग खुर्ची थोडी मागे, मग चटई, उशी दोन, मग एक. ४ मे च्या शनिवारी वांगणीला गेलो. कोकणातला मे, दमट, धुरकट, कुणी शहाणा माणूस तेव्हा दुर्बीण काढत नाही, पण मला दुर्बीण नकोच होती. स्वाती आपल्याकडे जवळजवळ बरोब्बर डोक्यावरून जाते, त्या दिवशी रात्री बाराच्या सुमाराला जाणार होती. पावणेबाराला ताडपत्रीवर बसलो, आधी डाव्या कुशीवर, मग हळूच पाठीवर, मग हनुवटी वर. आणि मुद्दाम मान उजवीकडे. मनात तीसपर्यंत मोजलं. स्वाती नारिंगी, जागच्या जागी. परत तीस मोजले.

शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, उल्का मोजताय? आत्ता वर्षाव नाहीये."

म्हटलं, माहितीय.