सरांचा तवा आणि शाळेची विहीर

ग्रुपवर सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेचा मेसेज आला तेव्हा मी दारव्हा रोडला एका शेतात होतो, बोअर चालू होतं, मशीनच्या आवाजात काही कळलं नाही. रात्री वाचला आणि मग झोपच लागली नाही. पटांगण, गॅदरिंग, निंबाखालची प्रार्थना हे सगळं बाकीचे लिहितीलच, मला फक्त भूगोलाच्या सरांबद्दल लिहायचंय, बाकी गुरुजनांनी राग मानू नये.

आम्ही आठवीत असताना उन्हाळ्यात शाळेची विहीर आटली आणि ती आणखी खोल करायचं काम निघालं. सुरुंग लावून काढलेल्या काळ्या दगडांचा ढीग प्रयोगशाळेमागं पडला होता. सर आख्खा वर्ग घेऊन तिथं गेले, घनानं एक गोटा फोडला. आत भोकंच भोकं, काही भोकांत पांढरे चमकदार खडे. "पोट्टेहो, हे भोकं काहून आहेत सांगा बरं." कोणी म्हणालं किडे, कोणी म्हणालं पावसानं झिजला. सर म्हणाले, हा दगड एकदा पातळ होता, आणि हे त्याच्यातले वायूचे बुडबुडे आहेत, तसेच गोठून राहिलेले, पांढरे खडे मागून पाण्यानं आणून भरले.

मग तिथंच ढिगावर बसून त्यांनी सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवते. कितीतरी किलोमीटर खाली खडक वितळतो, त्याला शिलारस म्हणायचं, आजूबाजूच्या खडकापेक्षा तो हलका म्हणून वर सरकतो. वाट नसली की समोरचा खडक चिरत जातो, मध्येच साचून राहतो, काही तर भेगेतच गोठतो आणि जमिनीत उभी भिंत तयार होते. पाणी आणि वायू त्याच्यात विरघळलेले असतात, वर येता येता दाब कमी झाला की बुडबुडे सुटतात. गोटी सोड्याची गोटी दाबली की कसं उसळते, तसं. आपल्याकडं उंच ज्वालामुखी नव्हता पोट्टेहो, जमिनीलाच लांबलांब भेगा पडल्या आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत गेले, आजही तो दगड ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आपली कपाशीची काळी माती त्याच्यातलीच. दोन थरांच्या मधल्या काळात इथं तळी होती, ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे त्या हिस्लॉपसाहेबांनी टाकळीला दगडात गोगलगायीचे शंख शोधले होते.

मी विचारलं, सर, मग तापलेला रस तळ्यात गेला तर काय होईल. सर हसले, म्हणाले उद्या.

दुसऱ्या दिवशी शिपाईकाकूंकडचा लोखंडी तवा आणि स्टोव्ह वर्गात आला. तवा लाल व्हायला आला तेव्हा सरांनी पाण्याचा थेंब टाकला, तर तो उडून न जाता मोत्यासारखा नाचत सुटला. खाली वाफेची गादी आहे म्हणून पाणी तव्याला लागतच नाही, शिलारसाला पाणी भेटते तेव्हा पहिल्यांदा असंच होते, म्हणाले. मग मला बोलावून चमच्यानं तो दाबायला लावला. चर्रर्र झालं, गादी फुटली, आणि गरम शिंतोडा माझ्या मनगटावर. मी ओरडलो. सरांनी हात धरून मला रांजणाजवळ नेलं, पाण्यात हात बुडवून धरला आणि दारातूनच वर्गाला पुढचं सांगत राहिले, की पाण्याची वाफ झाली की जागा सोळाशे-सतराशे पट लागते, शिलारस फुटून त्याचा भुगा होतो, त्या भुग्यातून आणखी उष्णता सुटते, आणखी वाफ. खोल समुद्रात मात्र वरच्या पाण्याचा दाबच इतका की स्फोट होत नाही, लाव्हा उशीसारखे गोळे होऊन गोठतो. आईसलंडजवळ १९६३ साली उथळ समुद्रातून असे स्फोट होत होत सुर्त्से नावाचं बेट वर आलं. हे सगळं एका हातानं माझं मनगट धरून. तास संपला तरी त्यांनी हात सोडला नाही.

आज माझ्या दोन बोअरच्या गाड्या आहेत. वर येणारा चुरा मी हातात घेऊन पाहतो, नुसता काळा कडक पत्थर असला तर शेतकऱ्याला खोटी आशा दाखवत नाही, गेरूसारखी लाल माती आली म्हणजे एक थर संपला, खाली दुसऱ्या थराचा माथा, तिथं जाळीचा (भोकाभोकांचा) दगड किंवा भेगा भेटल्या तर पाण्याची आशा असते. हे मला कोणत्या कोर्समध्ये शिकवलं नाही, शाळेच्या विहिरीच्या ढिगावर शिकलो. मागच्या वर्षी गेलो तर त्या विहिरीवर स्लॅब टाकलेला, प्रयोगशाळेला कुलूप. मुलं स्क्रीनवर ज्वालामुखी पाहतात, चांगलंच आहे, पण दगड कोणी हातात देत नाही याचं फार वाईट वाटलं.

जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळचा हुंगा टोंगा नावाचा ज्वालामुखी फुटला, तोंड समुद्राखाली फार खोल नव्हतं, राखेचा ढग ५७ किलोमीटर वर गेला. मोबाइलवर तो व्हिडिओ पाहून पहिल्यांदा तवाच आठवला आणि मी सरांना फोन लावायला नंबर काढला. सर जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. नंबर अजून डिलीट केलेला नाही.

फोडलेल्या गोट्याचा अर्धा तुकडा त्यांनी मला दिला होता, तो गाडीच्या केबिनमध्ये असतो. कार्यक्रमाला घेऊन येतोय, प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्याकडं असेल त्यांनी तेवढी आणावी.