तुम्ही विचारलंत म्हणून: सागाला अळी लागली, आता झाडं मरणार का?

दरवर्षी जून अर्धा सरला की फोन सुरू होतात. कधी मुंबईचा मावसभाऊ, कधी त्याच्या ऑफिसातलं कोणीतरी, ज्याने गावच्या पडीक जमिनीत दोनशे साग लावलेत. प्रश्न ठरलेला, "पहिल्या पावसात काय मस्त हिरवं झालं होतं, आणि आठ-दहा दिवसांनी बघतो तर नुसत्या काड्या उभ्या, मेली का रे झाडं?"

नाही मरत. साग चिवट आहे, खोडा-मुळात साठवलेलं असतं त्याच्यावर परत पालवी काढतो आणि जुलैअखेर बघाल तर काही झालंच नव्हतं असा उभा. पण म्हणून निश्चिंत राहू नका, कारण नुकसान दिसत नाही तिथे झालेलं असतं.

माझं पण पहिल्या वर्षी असंच झालेलं. रत्नागिरीकडे आमच्या वरच्या कातळाखालच्या तुकड्यात साग आहे. सकाळी गेलो तर पाऊस नाही आणि पानांवर टपटप आवाज, वर बघतो तर अळ्याच अळ्या आणि खाली पडतायत त्या त्यांच्या लेंड्या! पानाची कड कापून, दुमडून, त्या घडीत बसून आतून खात होत्या, कोवळं पान तर शिरेसकट साफ. पोट भरलं की धागा सोडून खाली उतरतात आणि पाचोळ्यात, मातीत कोष करतात. पावसाळी हवेत अळीचं आयुष्य दहा-बारा दिवसांचंच, त्यामुळे तुम्ही शनिवार-रविवारी गावी येईपर्यंत ती जेवून उठलेली असते.

आता गंमत अशी की सागाच्या पानांवर येणाऱ्या मुख्य अळ्या दोन. एक ही जूनची, पान फस्त करणारी. दुसरी पावसाळा सरता सरता येते, ती शिरा सोडून मधलं हिरवं तेवढं खाते, पानाची जाळी होते, अख्खं रान भाजल्यासारखं तपकिरी दिसतं. बघायला ही दुसरी जास्त भयंकर, त्यामुळे ऑक्टोबरात लोक जास्त घाबरतात आणि पंप घेऊन धावतात. उलटं आहे सगळं.

केरळात निलांबूरला, जिथे इंग्रजांनी १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू केली, तिथे केरळ वन संशोधन संस्थेच्या लोकांनी १९८० च्या आसपास हे नीट मोजून बघितलं. कोवळ्या लागवडीत काही झाडं औषध मारून अळीपासून वाचवली, काही तशीच सोडली, आणि वर्षानुवर्षं वाढ मोजत राहिले. जूनवाल्या अळीमुळे लाकडाची जी वाढ व्हायला हवी होती त्यातली ४४ टक्के गेली! झाडं जिवंत, हिरवी, आणि जवळजवळ निम्मी वाढ गायब. जाळी करणाऱ्या अळीचा मात्र म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

कारण साधं आहे. सागाची जाडी भरते ती पावसाळ्यात, आणि नेमकी त्याच तोंडावर पहिली पालवी गेली की पुढचे काही आठवडे झाड लाकूड करायचं सोडून पानं करत बसतं. ऑक्टोबरात पानाचं काम झालेलंच असतं, ते थोड्या महिन्यांत गळणारच आहे, अळीने खाल्लं काय नि वाऱ्याने नेलं काय.

(महोगनीवाल्यांनो, तुमचं दुखणं वेगळं. तिथे अळी पान नाही, शेंडा पोखरते. रोपं विकणारा हे सांगत नाही.)

मग फवारू का? झाड डोक्याएवढं असेल आणि अळी बारीक असतानाच दिसली तर निंबोळी अर्क मारा, बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूचं औषध) मारा, दहा-वीस झाडं असतील तर हाताने वेचा. वीस फुटी झाडावर पंपाने काय पोचणार, फुकट औषध आणि मजुरी. शिवाय कावळे-साळुंक्या येतातच जेवायला, त्यांना विष कशाला. केरळच्या त्याच संस्थेने या जूनवाल्या अळीला मारणाऱ्या विषाणूवरही काम केलंय, फक्त अळीलाच रोग होतो, पण तो आपल्या तालुक्याच्या कृषी दुकानात मागाल तर दुकानदार तुमच्याकडेच बघत राहील.

त्यापेक्षा मे संपताना आठवड्यातून दोनदा बागेत चक्कर मारा, पानाची दुमडलेली कड दिसते का बघा. आणि लहान झाडांचा शेंडा बघा. अळी जास्त झाली की शेंड्याचा कोंबही सोडत नाही, मग खालून दोन फुटवे फुटतात आणि झाडाची बेचकी होते, सरळ सोट नग मिळणार नाही. त्यातला एक फुटवा अंगठ्यापेक्षा बारीक असतानाच कोयतीने काढायचा. मी पुढच्या वर्षी बघू म्हणत राहिलो, आता माझ्याकडे तेरा बेचक्या उभ्या आहेत आणि फांदी काढायला करवत लागते.