ग्लेन्को: बारा दिवसांचा पाहुणचार

इकडच्या आमच्या मराठी ग्रुपमधल्या जवळपास सगळ्यांचं ग्लेन्को, म्हणजे स्कॉटलंडमधलं हे डोंगरांचं खोरं, 'करून झालंय'. म्हणजे काय, तर ग्लासगोहून स्काय बेटाकडे जाताना ए८२ रस्त्यावर थ्री सिस्टर्सच्या पार्किंगला गाडी लावायची, तीन डोंगरांकडे तोंड करून फोटो, मग पाठ करून सेल्फी, आणि दहा मिनिटांत पुढे. त्या पार्किंगमध्ये मी उभी होते तेव्हा दोन टूरच्या बस एकदम आल्या, डोक्यावर ड्रोनची घरघर सुरू झाली, एका गाडीचं दार उघडं ठेवून मोठ्याने गाणी लावलेली, आणि मला खरंच राग आला. इतकं मोठं खोरं समोर आहे, पाय धड आहेत, मग उतरा ना खाली! पार्किंगच्या कठड्यापासून शंभर पावलं खाली गेलात तरी गर्दी संपते, गाड्यांचा आवाज संपतो, आणि नदीचा सुरू होतो.

आमचं स्कायला जायचं ठरलंच नव्हतं. आई-बाबा साताऱ्याहून आले होते आणि बाबांनी आधीच बजावून ठेवलं होतं की गाडीच्या काचेतून डोंगर बघायला मी एवढा लांब आलेलो नाही. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, सकाळी अजिंक्यतारा चढून उतरल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. म्हणून ग्लेन्को गावातच छोटं घर घेतलं, थोडं महाग पडलं, पण गावात राहिल्यामुळेच हे सगळं जमलं असं मी ठामपणे सांगेन.

ग्लासगो सुटल्यावर लॉक लोमंड हे तळं, मग टिंड्रम गाव, मग रॅनॉक मूर नावाचं ते प्रचंड ओलं, ओसाड माळरान, आणि त्याच्या शेवटी एकदम ब्यूकल एटिव्ह मोर हा त्रिकोणी डोंगर रस्त्याच्या कडेला उभा. बाबा तिथे गाडीत एकदम गप्पच झाले. नंतर म्हणाले, "हा आपल्यासारखाच काळा दगड दिसतोय, पण थर कुठे गेले?" त्यांचं बरोबर होतं. आपला सह्याद्री लाव्हाचे थर एकावर एक साचून झाला, म्हणून आपले कडे पायऱ्या पायऱ्यांचे. इथे साधारण ४२ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर मधली जमीनच खाली खचली, आणि १९०९ मध्ये क्लफ, मॉफ आणि बेली या भूवैज्ञानिकांनी ग्लेन्कोचे खडक वाचूनच हा प्रकार पहिल्यांदा नीट मांडला. त्यावर मग हिमनद्यांनी कोरून कोरून हे रुंद खोरं केलं. बाबांना हे सांगितल्यावर पुढचा अर्धा तास ते खिडकीबाहेर बघत "खचलेला भाग कुठला मग?" एवढंच विचारत होते.

पहिला दिवस पावसात गेला. पाऊस थांबला की चिलटं. आणि ही आपल्याकडची चिलटं नव्हेत, चावतात, केसांत शिरतात, कानात शिरतात, आईने डोक्यावर जाळी घेतली आणि ती दिवसभर काढली नाही. वारा सुटला की मात्र एकही दिसत नाही, त्यामुळे इथे वारा सुटला की माणसं खूश होतात.

पावसामुळेच आम्ही नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या, खोऱ्याची जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या व्हिजिटर सेंटरला गेलो, आणि तिथे त्यांनी बांधलेल्या एका घरात आमचा सगळा वेळ गेला. सतराव्या शतकात या खोऱ्यात लोक कसे राहायचे ते खोदकामातून शोधून तसंच्या तसं उभं केलेलं घर. कुडाच्या भिंती, अगदी आपल्या कोकणात असायच्या तशा विणलेल्या, फक्त बाहेरून शेणमातीऐवजी गवतासकट कापलेल्या मातीचे जाड ठोकळे रचलेले. वर हेदर या झुडपाचं शाकारलेलं छप्पर, मधोमध जमिनीवर चूल, धुराडं नाही. आत अंधार. आईने भिंतीवरून हात फिरवला, विणीची एक काडी बोटाने दाबून बघितली आणि म्हणाली, "पक्कं केलंय हो."

अशाच घरांमध्ये १६९२ चं ग्लेन्कोचं हत्याकांड घडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे कळल्याशिवाय खोरं नुसतं सुंदर दिसतं आणि तेवढंच राहतं.

इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा विल्यम याने हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, बंडखोर घराण्यांना सांगितलं होतं की १ जानेवारी १६९२ च्या आत माझ्याशी निष्ठेची शपथ घ्या, माफी मिळेल. ग्लेन्कोच्या मॅकडोनाल्डांचा म्हातारा प्रमुख मकीयन शेवटच्या दिवशी फोर्ट विल्यमला पोचला. तिथला अधिकारी म्हणाला, मला शपथ देता येत नाही, इन्वरेरी गावी शेरीफकडे, म्हणजे तिथल्या न्यायाधिकाऱ्याकडे जा. भर हिवाळ्यात, बर्फातून तो गेला, वाटेत सैनिकांनी अडवून ठेवला, पोचला तर शेरीफ जागेवर नाही, आणि शपथ झाली ६ जानेवारीला. पाच दिवस उशीर. शपथ घेतलीये, आता आपण सुटलो असं समजून तो घरी आला. पण तिकडे स्टेअरचा डॅलरिम्पल, म्हणजे राजाचा स्कॉटलंडचा मंत्री, त्याला कोणातरी एका घराण्याला धडा शिकवायचाच होता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुमारे १२० सैनिक खोऱ्यात आले. राहायला जागा द्या म्हणाले. कॅप्टन होता रॉबर्ट कॅम्पबेल, आणि त्याची पुतणी-भाची कोणीतरी मकीयनच्याच मुलाला दिलेली होती, म्हणजे सोयरिकीतला माणूस. मॅकडोनाल्डांनी त्यांना घराघरात वाटून घेतलं. जवळजवळ बारा दिवस त्यांना खाऊपिऊ घातलं, हिवाळ्यात, स्वतःच्याच घरात मोजकं धान्य असताना. संध्याकाळी एकत्र पत्ते खेळायचे. आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे पाचला त्याच पाहुण्यांनी त्याच घरांमध्ये ३८ जणांना मारलं. घरं जाळली. जे निसटले त्यातल्या कितीतरी बायका-मुलं बर्फात गारठून गेली.

हुकुमाचा कागद आजही उपलब्ध आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की सत्तर वर्षांच्या आतल्या सगळ्यांना तलवारीखाली घाला. बाबांनी ते मला परत वाचायला लावलं. मग त्या अंधाऱ्या घरात उभे राहून म्हणाले, "म्हणजे मी पण त्यातच." आणि थोड्या वेळाने, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ बघितले गं, पण हे..." पुढे बोललेच नाहीत. स्कॉटलंडच्या त्या काळच्या कायद्यातसुद्धा विश्वासात घेऊन केलेला खून हा साध्या खुनापेक्षा मोठा गुन्हा होता. १६९५ मध्ये चौकशी झाली, तिथल्या संसदेने खून झाला असं मान्य केलं, डॅलरिम्पलला पद सोडावं लागलं, आणि शिक्षा कोणालाच झाली नाही. हे वाचून माझं डोकं दिवसभर तापलेलं होतं.

त्यातच अजून एक गोष्ट कळली. २०२३ मध्ये ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या खोदकामात, मकीयनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या एका घराच्या चुलीखाली एक मडकं मिळालं. त्यात ३६ नाणी, वर झाकण म्हणून छोटा गोल दगड. त्यातलं शेवटचं नाणं १६८० च्या दशकातलं. घाईघाईने पुरलं असणार, आणि पुरणारा परत आला नाही असं संशोधकांना वाटतं. आईच्या डोक्यातून ते मडकं काही जाईना. रात्री भांडी घासताना मधेच म्हणाली, "दगड शोधून बसवला म्हणजे बाईच असणार."

दुसऱ्या दिवशी ऊन. आई आणि माझा नवरा गावाजवळच्या ग्लेन्को लोकनला गेले, लॉर्ड स्ट्रॅथकोनाने आपल्या कॅनडाहून आलेल्या बायकोला घरची आठवण येऊ नये म्हणून तिकडची झाडं लावून केलेलं तळं आहे ते, आणि तरीही तिचं मन इथे रमलं नाही असं सांगतात. आईला हे सगळ्यात आवडलं.

मी आणि बाबा लॉस्ट व्हॅलीला निघालो. थ्री सिस्टर्समधल्या दोन डोंगरांच्या मधे, रस्त्यावरून अजिबात न दिसणारं लपलेलं खोरं. मॅकडोनाल्ड लोक इकडून तिकडून पळवून आणलेली गुरं तिथे दडवायचे अशी आख्यायिका आहे. हो, गुरं पळवायचे, ते काही संत नव्हते.

पार्किंगपासून खाली उतरलं की को नदीच्या घळीवर पूल आहे. तो ओलांडला की बर्चच्या झाडांतून चढ. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "तिकीट कुठे?" तिकीट नाही. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जमीन कोणाचीही असली तरी नीट वागून त्यावरून चालायचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसरा प्रश्न, "बाण कुठे?" बाणही नाहीत. १९३० च्या दशकात पर्सी अना या गिर्यारोहकाने आपल्या क्लबच्या लोकांकडून पैसे गोळा करून ही जमीन ट्रस्टला घेऊन दिली आणि सांगितलं की डोंगर चढायला सोपा किंवा सुरक्षित करू नका, पाट्या लावू नका. आपल्या गडांवर दर वळणाला ऑइलपेंटचे बाण आणि मंडळांची नावं बघून ज्यांचा जीव जळतो त्यांना हे वाचून किती बरं वाटेल ते मला माहितीये. पाऊलवाट दुरुस्त करतात, दगड नीट बसवतात, त्यापलीकडे काही नाही.

वाट सोपी नाही हे मात्र लक्षात घ्या, अंतर कमी आहे म्हणून फसू नका. दोन-तीन ठिकाणी हात लावून चढावं लागतं, खडक ओला असतो, आणि वर एका ठिकाणी ओढा ओलांडायचाय, पूल नाही, नुसते दगड. आदल्या दिवशीच्या पावसाने त्यातले अर्धे दगड पाण्याखाली. बाबा काठावर उभे राहिले आणि मी त्यांना म्हणाले, इथूनच परत फिरू या, बाबा.

तेवढ्यात समोरून एक म्हातारं जोडपं उतरत आलं. आजोबा पंच्याहत्तरीचे तरी असतील. त्यांनी काही विचारलं नाही, सरळ बूट घातलेलेच ओढ्याच्या मधोमध उतरले, गुडघ्यापर्यंत पाणी, आणि बाबांपुढे हात केला. बाबांना इंग्रजी फारसं बोलायला आवडत नाही, त्यांनी नुसता हात धरला. पलीकडे पोचल्यावर आजोबांनी आपली काठी बाबांच्या हातात दिली, उतरताना लागेल म्हणाले, खाली पार्किंगच्या भिंतीला टेकवून ठेवा, आम्ही संध्याकाळी गाडीने जाताना उचलू. चांगली, महागातली ट्रेकिंगची काठी. नाव नाही, नंबर नाही, काही नाही.

वरच्या दगडांच्या राशीवर चढलो आणि पलीकडे एकदम सपाट. तिन्ही बाजूंनी कडे, मधे मैदान, लांबच्या लांब, वरून दरड कोसळून तोंड बुजल्यामुळे झालेलं. ओढा त्या मैदानात शिरतो आणि वाळू-गोट्यांच्या खाली गायबच होतो, पाण्याचा आवाजही बंद. आम्ही एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसून थालीपीठ खाल्लं. मागे बिडियन नॅम बियान, ११५० मीटरचा, त्यावर ढग. बाबा बराच वेळ कड्यांकडे बघून वाटा शोधत होते. "इथून वर कुठून तरी निघता येईल ना गं? पोरांना घेऊन? बर्फात?" ते कुठल्या दिवसाबद्दल विचारतायत ते मला कळलं. काही जण या बाजूच्या खिंडींतून निसटले असं सांगतात, तेवढं मी सांगितलं.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला, काठी नसती तर बाबांचे गुडघे बोललेच असते. पार्किंगमध्ये पोचल्यावर मी काठी भिंतीला लावली, तर बाबांनी परत उचलली. "कोणी नेली म्हणजे?" म्हणून त्या बसच्या आणि सेल्फीच्या गर्दीत आम्ही काठी धरून ते जोडपं येईपर्यंत बसलो, तासभर तरी. बाबांनी काठीचा चिखल रुमालाने पुसला होता. आजोबा आले तेव्हा बाबांनी काठी दोन्ही हातांनी दिली आणि सॅकमधून कंदी पेढ्यांचा बॉक्स काढून आजींच्या हातात ठेवला. आख्खा बॉक्स! आईने तो माझ्या शेजाऱ्यांसाठी आणला होता.

एकच गोष्ट खटकली ती सांगून टाकते. खोऱ्यातल्या एका जुन्या हॉटेलात पाटी आहे, फेरीवाल्यांना आणि कॅम्पबेलांना प्रवेश नाही अशा अर्थाची, आणि लोक हौसेने तिचे फोटो काढतात. मला ती बघवली नाही. त्या सैनिकांमध्ये कॅम्पबेल आडनावाचे थोडेच होते, हुकूम सरकारचा होता, लिहिणारे दूर सुखात बसलेले होते, आणि तीनशे वर्षांनी बोल लागतो तो एका आडनावाला. त्यापेक्षा गावातल्या स्मारकापाशी जा, १८८३ मध्ये उभारलेला उंच दगडी क्रूस आहे, दर वर्षी १३ फेब्रुवारीला तिथे लोक जमून पुष्पचक्र वाहतात. बाबांना त्या दिवशी यायचं होतं, पण त्यांचा व्हिसा त्याआधीच संपतोय. मी जाणार आहे. बर्फ असेल, रस्ते बंद असू शकतात, तेव्हा आदल्या दिवशीच गावात मुक्कामाला पोचायचं असं ठरवलंय, कोणाला बरोबर यायचं असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.