तुम्ही विचारलंत म्हणून: दुपारचे ग्रॅमी, रात्रीचे ग्रॅमी

गाणं शिकवणाऱ्या बाईला दोन प्रश्न चुकत नाहीत. एक, ‘आमच्या मुलीच्या गळ्यात काही आहे का?’ आणि दुसरा, टीव्हीवर एखादा मोठा पुरस्कारसोहळा झाला की दुसऱ्या दिवशी हमखास येणारा: ‘काय हो, हे टीव्हीवरचे पुरस्कार खरंच चांगल्या गाण्याला मिळतात, की सगळं आधीच ठरलेलं असतं?’ पहिल्याचं उत्तर मी टाळते. दुसरा आजवर हसण्यावारी नेत आले. पण परवा एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी तो इतक्या मनापासून विचारला, की रात्री झोपेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

‘आधीच ठरलेलं’ असतं असं मला वाटत नाही. ग्रॅमीचंच घ्या, म्हणजे अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या मोठ्या पुरस्कारांचं. तिथे मतं देणारे हजारो जण आहेत आणि ते स्वतः गाणारे, वाजवणारे, ध्वनिमुद्रण करणारे आहेत. एवढ्या कलावंतांचं संगनमत होईल यावर, दोन गायकांना एका कार्यक्रमासाठी एका तारखेवर राजी करून पाहिलेला माणूस तरी विश्वास ठेवणार नाही. हां, एक गोष्ट कबूल करायला हवी. १९९५पासून २०२१पर्यंत कित्येक विभागांची अंतिम नामांकनं निनावी समित्या ठरवत होत्या. द वीकेंड या गायकाचं गाणं २०२०मध्ये जगभर वाजत होतं आणि नामांकनांच्या यादीत त्याचं नाव एकदाही नव्हतं. तो भडकला, बहिष्कार घालतो म्हणाला, आणि काही महिन्यांतच त्या समित्या बहुतेक विभागांतून गेल्या. २०२५च्या सोहळ्यात तोच त्या मंचावर गात होता. रुसवे-फुगवे सगळीकडे सारखेच.

समित्या गेल्या, तरी खरी अडचण गेलेली नाही. वर्षाला वीस हजारांच्या आसपास प्रवेशिका येतात. त्या कोण ऐकणार? कुणीच नाही. मत देणाराही आपल्यासारखाच दमलेला असतो. यादीत जे नाव ओळखीचं दिसतं तिथे त्याचा हात थांबतो. १९८९मध्ये ग्रॅमीने पहिल्यांदाच हार्ड रॉक आणि मेटल, म्हणजे रॉक संगीताचे दणदणीत प्रकार, यांच्यासाठी मिळून एक पुरस्कार ठेवला. मेटॅलिका या मेटल बँडला मिळणार असं सगळे धरून चालले होते. मिळाला जेथ्रो टलला, म्हणजे ज्यांची ओळख बासरी, त्या बँडला. त्यांचं संगीत वाईट नाही, मला तर आवडतं; पण मेटल? माझा अंदाज असा की मतं देणाऱ्या कित्येकांना यादीतलं तेवढं एकच नाव जुनं, परिचयाचं वाटलं असणार. पुढच्या वर्षी त्या पुरस्काराचे दोन भाग केले आणि मेटलचा मेटॅलिकाला देऊन टाकला. चूक पोटात घालायची ही एक पद्धत.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘टीव्हीवरचे’ या शब्दाकडे येते, कारण सगळी मेख तिथे आहे.

ग्रॅमीचे नव्वदहून जास्त विभाग आहेत. रात्रीच्या झगमगाटात त्यातले जेमतेम दहा दिले जातात. बाकीचे सगळे त्याच दिवशी दुपारी, दुसऱ्या सभागृहात, भराभर. नाव पुकारलं, टाळ्या, दोन वाक्यांचे आभार, पुढचा विभाग. शास्त्रीय, जॅझ, वाद्यसंगीत, लोकसंगीत, ध्वनिमुद्रणाचं कसब, हे सगळं दुपारचं. ४ फेब्रुवारी २०२४ला झाकीरभाईंनी, म्हणजे तबलावादक झाकीर हुसेन यांनी, एका दिवसात तीन ग्रॅमी घेतले: एक शंकर महादेवन यांच्यासह ‘शक्ती’ या बँडसाठी, दोन राकेश चौरसिया, बेला फ्लेक आणि एडगर मायर यांच्याबरोबर. तिन्ही दुपारी. आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलेला तो फोटो, हातात ती सोनेरी बाहुली... माफ करा, तो ग्रामोफोन... तो रात्रीच्या कार्यक्रमातला नाही.

सर्वांत जास्त ग्रॅमींचा विक्रम कितीतरी वर्षं जॉर्ज शोल्टी यांच्या नावावर होता. ३१. कोण शोल्टी, असं तुम्ही विचारलंत तर मी रागावणार नाही. ते वाद्यवृंदाचे संचालक. २०२३मध्ये गायिका बियॉन्सेने ३२वा घेतला तेव्हा कुठे बातम्यांमध्ये त्यांचं नाव आलं, तेही ‘हिने यांना मागे टाकलं’ म्हणून. आणि गंमत बघा, विक्रम तिच्या नावावर लागला तरी वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा, म्हणजे रात्रीचा सगळ्यात मोठा मान, तिला तोवर एकदाही मिळाला नव्हता. तो मिळायला २०२५ उजाडलं. आपापल्या शैलीच्या छोट्या विभागात, जिथे मत देणाऱ्याला त्या संगीतातलं कळतं, तिथे तिला वर्षानुवर्षं मतं पडत होती. मोठ्या विभागात, जिथे सगळेच सगळ्यांना मत देतात, तिथे ती अडत होती. हे वाचून मला आमच्या क्षेत्रातलं काय काय आठवलं ते इथे लिहीत नाही.

टीव्ही आणि पुरस्कार यांचं लग्न कसं लागतं याचा माझा आवडता किस्सा अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सचा. १९७३ला ग्रॅमी एबीसी वाहिनीकडून सीबीएसकडे गेले. एबीसीकडे सोहळाच उरला नाही. मग त्यांनी डिक क्लार्क या टीव्ही-निर्मात्याला सांगितलं, आम्हाला एक सोहळा करून दे. १९७४च्या फेब्रुवारीत तो झाला. म्हणजे उत्तम संगीताला गौरवायचं म्हणून पुरस्कार निघाला नाही. वाहिनीचा एक संध्याकाळचा तास रिकामा पडला म्हणून निघाला. मला यात काही वाईटही वाटत नाही. फक्त तो पुरस्कार कुणाला मिळाला यावरून गाण्याची पारख करू नये, इतकंच. त्यासाठी तो बनलेलाच नाही.

आणि परीक्षक बदलले की निकाल कसा फिरतो ते बघायचं असेल तर इटालियन गायक दोमेनिको मोदुन्यो. त्याचं ‘व्होलारे’ नावाने ओळखलं जाणारं गाणं १९५८च्या मार्चमध्ये युरोव्हिजनला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गीतस्पर्धेला, गेलं. दहा गाण्यांत तिसरं. ४ मे १९५९ला पहिलेवहिले ग्रॅमी झाले, त्यात वर्षातलं सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण तेच आणि सर्वोत्कृष्ट गाणंही तेच. चौदा महिन्यांत गाण्याचा एक सूर बदलला नव्हता.

मिली व्हॅनिली या पॉप-जोडीबद्दल सगळे बोलतात, म्हणून मी थोडक्यात उरकते. १९९०च्या फेब्रुवारीत सर्वोत्कृष्ट नवोदित. नोव्हेंबरमध्ये उघड झालं की रेकॉर्डवर त्या दोघांचा आवाजच नाही. ग्रॅमी परत घेतला. लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण त्या दोघांना पाहून मतं पडली आणि पाहून मतं पडणं हे फक्त त्यांच्या बाबतीत झालेलं नाही. चिया-जुंग त्साय नावाच्या संशोधिकेने (स्वतः पियानो वाजवते) २०१३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शास्त्रीय संगीताच्या स्पर्धांतले तीन-तीन अंतिम स्पर्धक घेतले. काहींना फक्त आवाज ऐकवला, काहींना आवाजासह चित्रफीत दाखवली, काहींना आवाज बंद करून नुसतं चित्र. विजेता ओळखा म्हणाली. आवाज ऐकणाऱ्यांना चिठ्ठी उचलून जमलं असतं तेवढंही जमलं नाही. मुक्या चित्रावरून मात्र निम्म्या वेळा बरोबर ओळखला. आणि यात संगीताचे जाणकारही होते, त्यांचीही तीच गत. हे वाचल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होते.

कारण मीही त्या खुर्चीत बसले आहे.

काही वर्षांपूर्वी एका गायनस्पर्धेला परीक्षक होते. सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपलेली, बेचाळीस स्पर्धक. हातात गुणपत्रिका: सूर, लय, शब्दोच्चार, सादरीकरण. पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी निघालेली मुलगी आली, गायली, गेली. मी शंभरात अडुसष्ट दिले. पहिलीला कुणीच भरभरून देत नाही. पुढे कोण येईल माहीत नसतं, गुण हातचे राखायचे असतात. दुपारच्या चहानंतर माझे कान थकले आणि पेन सैल झालं. संध्याकाळी बऱ्यापैकी गाणाऱ्या एका मुलाला मी एक्याऐंशी देऊन मोकळी झाले. तो हसतमुख होता, हात छान फिरवत होता. रात्री घरी आल्यावर भांडी आवरताना एक गंधार कानात येत राहिला, अगदी जिथे हवा तिथे लागलेला. कुणाचा ते आठवायला वेळ लागला. सकाळच्या त्या पहिल्या मुलीचा. गुणपत्रिका केव्हाच जमा झाली होती. तिला उत्तेजनार्थही काही मिळालं नव्हतं.

नंतर कळलं की यावरही अभ्यास झालेला आहे. बेल्जियमच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरी नंतरच्या दिवशी वाजवणाऱ्यांचा क्रमांक वर लागण्याकडे कल दिसतो, असं दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९६मध्ये दाखवलं. तिथे जगातले नामांकित कलावंत परीक्षक असतात. तेव्हा माझं काय घेऊन बसलात. तरी मला हायसं वाटलं असं म्हणवत नाही.

म्हणून परीक्षकांना मी चोर म्हणत नाही. पण कॅमेरा जिथे नसतो तिथला निकाल मी जास्त मनावर घेते. तिथे नाचणारे नाहीत, रोषणाई नाही, जाहिरातीच्या आधी कुणाला मंचावर आणायचं याची चिंता नाही, आणि मत देणारा बहुधा ते वाद्य स्वतः वाजवणारा असतो. चूक तिथेही होते. एका हसऱ्या चेहऱ्यापायी होणारी मात्र थोडी कमी होत असावी.

झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ला गेले. पुढच्या फेब्रुवारीत, तीन ग्रॅमींच्या त्या दिवसाला वर्ष होत असताना, रात्रीच्या सोहळ्यात त्या वर्षी गेलेल्या कलावंतांना आदरांजली वाहिली गेली. पडद्यावर नावं सरकत होती. त्यांत त्यांचं नव्हतं. ज्या संस्थेने त्यांना आयुष्यात चार ग्रॅमी दिले, तिच्याच सोहळ्यात. दुपारच्या लोकांना ते माहीत होते, रात्रीच्यांना नव्हते, याखेरीज मला दुसरं काही सुचत नाही.

पुढच्या तासाला त्या विद्यार्थिनीचे वडील तिला न्यायला आले तेव्हा यातलं जमेल तेवढं सांगितलं. म्हटलं, पुढच्या वर्षी दुपारचा सोहळा बघा, इंटरनेटवर दाखवतात, तुमच्या लेकीलाही बसवा शेजारी. ते मान डोलावत होते. मुलीची वही पिशवीत घातली, चपला पायात सरकवल्या आणि दारात वळून म्हणाले, “पण बाई, तो टीव्हीवर नाही ना लागत?”