दुखणं घालवू नका, बाई

आषाढाचे शेवटचे दिवस होते. आमच्याकडं ह्याला आखाड म्हणतात. श्रावण लागायच्या आत घरोघर मटण शिजतं, शिवारात पंगती बसतात आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोटं बिघडलेल्यांची रांग लागते. त्यात तो आठवडी बाजाराचा दिवस. सकाळी दहालाच बाकडी भरली होती. ऊसपट्ट्यातल्या या तालुक्याच्या गावी मला दवाखाना चालवून सत्तावीस वर्षं झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण पेशंटची ओळख पटायला नको.

एकतीस वर्षांचा गडी. गळिताच्या हंगामात कारखान्याला ऊस वाहतो, डबल ट्रॉली ओढतो. त्याच्यासोबत मोठा भाऊ आणि बायको. भावानंच सुरुवात केली. "मॅडम, काल शिवारात जेवाण हुतं. ह्येनं एक घोट घेतला आन् खांदा धरून खाली बसला. एवढा बाप्या गडी, रडाय लागला."

बाकावरची दोन माणसं हसली. तो मान खाली घालून बसला होता.

मी जुना केसपेपर काढला. जानेवारीत, ऐन हंगामात तो येऊन गेला होता. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : दारू. अंगदुखी. सल्ला दिला. वजन 64. खाली वेदनाशामक गोळ्या आणि बी-12 चं इंजेक्शन, ज्याला इथं सगळे लाल इंजेक्शन म्हणतात.

तो दिवस मला आठवला. आठवला म्हणजे, माझं बोलणं आठवलं. पिऊन दुखतं तर पिऊ नको, बायको-पोराकडं बघ, हे मी त्याला बरंच सुनावलं होतं. आता विचारलं, "तेव्हा तू मला नेमकं काय सांगितलं होतंस?"

"ह्येच की मॅडम. घोट गेला की हितं ठणकतंय." त्यानं गळ्याच्या डाव्या हाडाच्या वरच्या खळग्यात, मानेच्या मुळाशी बोट ठेवलं आणि तिथून मागं पाठीच्या फऱ्यापर्यंत नेलं.

म्हणजे जानेवारीत त्यानं मला जागा दाखवली होती आणि मी कागदावर लिहिलं 'अंगदुखी'. हा फरक मला आजही बोचतो.

दारू पिणाऱ्याचं अंग दुखणं आम्ही रोज बघतो. खूप प्यायल्यावर स्नायूंच्या पेशी फुटतात. मांड्या सुजतात, हात लावू देत नाहीत, लघवी कोऱ्या चहासारखी होते. हे भलतं धोक्याचं, कारण फुटलेल्या स्नायूंतला ऐवज मूत्रपिंडात अडकतो आणि वेळेत सलाईन लागलं नाही तर मूत्रपिंडं बसतात. रोजच्या पिणाऱ्याच्या रक्तात मॅग्नेशियम, फॉस्फेट, पोटॅशियम घसरतं, मग पोटऱ्यांत गोळे येतात. कुणाचा अंगठा रात्रीत लालबुंद होतो, तो गाऊट. कुणी नशेत हात खुर्चीच्या पाठीवर टाकून झोपतो आणि सकाळी मनगट उचलत नाही. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या पायांची आग होते, नसा गेलेल्या असतात. कुणाच्या खुब्याचा गोळाच रक्ताविना सुकत जातो आणि तो लंगडत येतो. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. दुखणं दुसऱ्या दिवशी येतं, चार दिवसांनी येतं, नाहीतर महिन्यांनी. म्हणून त्या दिवशी मी जानेवारीत न विचारलेला प्रश्न विचारला.

"घोट घेतल्यावर किती वेळानं दुखतं?"

"येळ कुटला मॅडम? गिलास हातातच असतोय."

"पाच मिनिटं?"

"पाच न्हाईत व्हायची. चढायच्या आदी दुकतंय."

"किती प्यायल्यावर?"

"किती म्हंजी, एकच घोट. पयल्यांदा वाटलं देशीचा माल खराब असंल. मग इंग्लिश घेतली. मग बियर घेऊन बगितली. तेच. अर्धा-पाऊण तास जीव जातोय, मग आपसूक उतरतंय. म्हनून फेब्रुवारीपास्नं सोडलीच. सहा म्हैन्यांत कालच तेवडी."

"आणि न पिता?"

"कायबी न्हाई."

भाऊ म्हणाला, "तसं बरंच झालं म्हना, दारू तरी सुटली." पण मी त्याच्या बोटाकडंच बघत होते. तोंड लाल झालं का, धडधड झाली का, उलटी झाली का? त्यानं प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हटलं.

ते विचारण्याला कारण होतं. डायसल्फिराम नावाचं औषध दारू सोडवण्यासाठी देतात. दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड बनतं आणि ते पुढं निकालात काढणारं एन्झाइम हे औषध रोखून धरतं. मग एका घोटानंसुद्धा तोंड तापतं, काळीज धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून दिलं तर ते उपयोगी आहे. पण गावोगाव 'दारू सोडवायची पुडी' म्हणून काय काय विकलं जातं आणि कंटाळलेल्या बायका ते आमटीत कालवतात. नकळत दिलेल्या अशा औषधानं माणूस दगावू शकतो. मी भावाला आणि त्याला बाहेर बसवलं आणि बायकोला पडद्याआड घेतलं.

"खरं सांग. जेवणात काही घालतेस?"

ती हबकली. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "पुडी आनली हुती बाई, आईनं दिल्ती. पर शपत घेऊन सांगती, घातली न्हाई. भ्या वाटलं. डब्यात तशीच हाय."

मला ते खरं वाटलं. त्याची लक्षणंही पुडीची नव्हती. पण ती थांबली नाही. माझा हात धरून अगदी हळू आवाजात म्हणाली, "कार्तिकीला पंढरपूरला गेल्ते. ह्यांची दारू सोडव म्हनून पांडुरंगाला नवस बोलले. आन् पौषात ह्यांचं दुखायला लागलं. त्येनंच केलंय ह्ये. बाई, तुमी त्येंचं दुखणं घालवू नका. दुखतंय तवर माझं घर हाय."

मला पटकन काही बोलता आलं नाही. त्या घरात काय होत असेल ते तिच्या डाव्या भुवईवरच्या जुन्या व्रणावरून कळत होतं. सहा महिने नवरा रात्री शुद्धीत घरी येत होता, पगाराचे पैसे हातात देत होता. मी तिला एवढंच म्हटलं, "मला आधी त्याचा खांदा बघू दे."

त्याला शर्ट काढायला लावला. जानेवारीत हेही मी केलं नव्हतं. पोटावर, दंडांवर नखांनी ओरबाडल्याच्या रेघा होत्या. खाज कधीपासून? "झाल्यात तीन-चार म्हैने. खतामुळं असंल." रात्री घाम येतो का? उत्तर बायकोनं दिलं, "बनियन पिळून घ्यावं लागतं." काट्यावर उभा केला. 57. सहा महिन्यांत सात किलो कमी, तेही दारू सोडून, दोन वेळ घरचं जेवून.

आणि डाव्या खळग्यात, त्याचं बोट होतं तिथंच, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. तिच्या मागं आणखी दोन लहान. दाबल्यावर दुखत नव्हत्या. रबरासारख्या लागत होत्या.

मानेतली गाठ, घाम आणि घटलेलं वजन म्हटलं की आपल्याकडं प्रथम क्षयरोग मनात येतो. यायलाच हवा. जुनी माणसं ज्याला गंडमाळ म्हणत ती तीच. पण क्षयाच्या गाठी बहुधा एकमेकींना चिकटून गोळा होतात, मऊ पडतात, फुटतात. या सुट्या होत्या. आणि क्षयाची गाठ दारूच्या घोटानं सहसा ठणकत नाही.

तेव्हा मला कॉलेजातली एक ओळ आठवली. हॉजकिन लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगाच्या, काही थोड्या रुग्णांना दारू प्यायल्यावर काही मिनिटांत गाठीच्या जागी वेदना होतात. शंभरात पाचसुद्धा नसतील असे. परीक्षेत लिहायची ओळ. सत्तावीस वर्षांत तसा एकही पेशंट मी पाहिला नव्हता. निदान, पाहिल्याचं मला कळलं नव्हतं. थॉमस हॉजकिननं 1832 मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या शवांच्या तपासणीवरून अशा सुजलेल्या लसिका ग्रंथींचं वर्णन केलं. पण दारूची ही खूण शवात कशी सापडणार? ती फक्त जिवंत माणूसच सांगू शकतो आणि तीही कुणी विचारलं तर. ती वैद्यकीय लिखाणात आली 1950 च्या सुमारास. असं का होतं याचा पक्का उलगडा झालेला नाही. दारूनं रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आवरणात कोंडलेली ग्रंथी आतून ताणली जाते, असा एक तर्क आहे.

एक्स-रे दुपारपर्यंत हातात आला. छातीच्या मधोमध, हृदयाच्या वर, सावली दोन्ही बाजूंना फुगलेली होती. फिल्म खिडकीपाशी धरून मी बराच वेळ उभी राहिले. बाहेर बाजार चालू होता. दवाखान्यात अजून आठ-दहा जण होते आणि मला त्या तिघांना आत बोलवायचा धीर होत नव्हता.

आत आल्यावर मी त्याला आधी जानेवारीबद्दल सांगितलं. म्हटलं, तू मला जागा दाखवली होतीस आणि मी बघितलं नाही, ही माझी चूक. तो अवघडला. "तुमी काय वाईट सांगितलं न्हवतं मॅडम," म्हणाला.

पुढचे तीन आठवडे धावपळीचे गेले. उपजिल्हा रुग्णालयात थुंकीची सीबीनॅट केली, क्षयाचे जंतू निघाले नाहीत. सुई घालून गाठीतल्या पेशी तपासल्या, तर रिपोर्ट आला की गाठ नुसती सुजेची आहे. तिथंच कुणीतरी सुचवलं, टीबीचा कोर्स सुरू करून बघू, दोन महिन्यांत कळेल. अशा सल्ल्यात दुष्टावा नसतो. पण आपल्या देशात या आजाराचे कितीतरी रुग्ण महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या खात राहतात आणि गाठ वाढत राहते. हॉजकिनमध्ये मुळात कर्करोगाच्या पेशी गाठीत विखुरलेल्या आणि मोजक्या असतात, भोवती साध्या पेशींचीच गर्दी. सुईच्या टोकाला त्या सापडतीलच असं नाही. म्हणून मी सर्जनना फोन करून अडून बसले, आख्खी गाठ काढून द्या.

गाठ काढली. तपासनीस डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी रात्रीची भाकरी थापत होते. हॉजकिनची ओळख असलेल्या रीड-स्टर्नबर्ग पेशी मिळाल्या होत्या. एका पेशीत दोन केंद्रकं, जसे घुबडाचे दोन डोळे. सीडी-15 आणि सीडी-30 या पेशींवरच्या खुणाही रंग देऊन तपासल्यावर जुळल्या. फोन ठेवला तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती.

मुंबईला परळच्या टाटात त्याचे उपचार झाले. शासनाच्या जन आरोग्य योजनेत बसलं, नाहीतर ट्रॅक्टर विकावा लागला असता. दर पंधरा दिवसांनी एक, असे सलाईनमधून बारा डोस. चार औषधं एकत्र. त्यातलं एक लालभडक असतं आणि नंतर लघवीही लाल होते. ते बघून तो घाबरला आणि त्यानं मला तिथून फोन केला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नवरा-बायको राहिली. ती दोन वेळा स्वयंपाक करायची आणि डबा घेऊन त्याच्या उशाशी बसायची. केस गेले, तोंड आलं, एकदा पांढऱ्या पेशी उतरून ताप भरला. पण दुसऱ्या महिन्यातच खाज थांबली आणि घामही. सहा महिन्यांनी स्कॅन स्वच्छ आला. या कर्करोगात वेळेवर पूर्ण उपचार घेतलेले बहुतेक जण बरे होतात, आणि तो त्यांतला ठरला.

हे वाचून कुणी घाबरू नये. प्यायल्यावर अंग दुखणाऱ्या हजारोंत हॉजकिनचा एखादाच निघेल. पण एका घोटात, काही मिनिटांत, दर वेळी एकाच जागी दुखत असेल तर ती जागा डॉक्टरला दाखवा आणि शर्ट काढून तपासायला लावा. आणि माझ्या डॉक्टर बहीण-भावांना हात जोडून विनंती आहे. पिणारा माणूस समोर बसला की उपदेश जिभेवर तयार असतो. त्याच्या आधी 'कुठं' आणि 'किती वेळानं' एवढं विचारा.

गेल्या कार्तिकीनंतर ती एकटीच आत आली. तो बाहेर ट्रॅक्टरवर बसला होता, डोक्यावर दाट केस आले होते. तिनं पंढरपूरचा बुक्का माझ्या कपाळाला लावला आणि बसून राहिली. मला वाटलं, तपासणीची तारीख विचारायची असेल.

"बाई," ती म्हणाली, "आता ह्यांनी घोट घेतला तर दुखंल?"

गाठ गेली की ते दुखणंही जातं. मला खोटं बोलता आलं असतं आणि क्षणभर तसं मनातही आलं.

"नाही," मी म्हटलं. "आता नाही दुखणार. कधी दुखलंच, तर त्याच दिवशी त्याला माझ्याकडं घेऊन ये."

ती खिडकीतून ट्रॅक्टरकडं बघत राहिली. "अजून घेतलेली न्हाई त्येंनी," म्हणाली. मग पिशवीतून चुरमुऱ्या-बत्ताशांची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि उठली.