घरच्या सुतारकामातील धूळ: जी दिसत नाही तिचा बंदोबस्त

घरी हौसेने सुतारकाम करणारे आपण बहुतेक जण धुळीचा विचार करतो तो झाडूच्या अंगाने. रंध्याच्या ढलप्या आणि करवतीचा भुसा खाली पडतो, डोळ्यांना दिसतो, भरून टाकता येतो. तेवढे झाले की खोली स्वच्छ झाली, असे मानून आपण दार लावून घेतो. मात्र फुफ्फुसात खोलवर जाणारी धूळ या ढिगात नसतेच. दहा मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, लवकर खाली बसत नाहीत आणि काम थांबल्यावरही बराच काळ हवेत तरंगत राहतात. म्हणून धूळ ओढणारी यंत्रणा बसवताना फरशी किती स्वच्छ राहते हे पाहू नये, तर ही न दिसणारी धूळ किती पकडली जाते हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सारी मांडणी त्याच मतावर उभी आहे.

शंका असेल त्याने एक साधी परीक्षा करावी. रात्री एमडीएफचा (लाकडाचे तंतू चिकटद्रव्याने दाबून केलेल्या फळीचा) एखादा तुकडा कापावा, मग दिवे बंद करून विजेरीचा झोत कंबरेच्या उंचीवर आडवा धरावा. एरवी निर्मळ वाटणाऱ्या हवेत त्या झोतापुरता एक दाट, संथपणे हलणारा पट्टा दिसतो, आणि त्यातले जे कण चमकतात तेही खरे तर मोठ्यांपैकीच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पहिल्या गटात केला. नाकाच्या पोकळीचा व सायनसचा कर्करोग हा त्यामागचा मुख्य आधार होता. एमडीएफ आणि प्लायच्या धुळीत लाकडाबरोबर चिकटद्रव्यही येते, तर साग आणि शिसव यांच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठते. लाकूड नैसर्गिक आहे म्हणून त्याची धूळ निरुपद्रवी असेल, हा समज आपण सोडलेला बरा. आपल्याकडे तर काम करताना डोक्यावर पंखा गरगरत असतो आणि खाली बसू पाहणारी बारीक धूळ तो पुन्हा पुन्हा उडवतो.

यंत्र निवडताना दोन प्रकारांची गल्लत होते. व्हॅक्यूम क्लीनर थोडी हवा मोठ्या जोराने ओढतो, म्हणून सँडर (घासकामाचे यंत्र), हातातला राउटर (खाचा व कडा कोरणारे यंत्र) यांच्या बारीक नळीला तो योग्य ठरतो. डस्ट कलेक्टर याच्या उलट: ओढ कमी, पण हवेचे आकारमान पुष्कळ. टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत), प्लेनर (यांत्रिक रंधा), बँड सॉ (पट्ट्यासारख्या पात्याची करवत) यांना तोच हवा. जाहिरातीतला सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा ओढली जाते त्याचा) आकडा पाहून मात्र भुलू नये, कारण तो बहुधा पाइप न जोडलेल्या मोकळ्या यंत्राचा असतो. पाइप, वळणे आणि मळलेला फिल्टर लागला की त्याच्या निम्मी हवासुद्धा मिळेलच असे नाही.

हवा कितीही ओढली तरी ती कुठून ओढली जाते याला सर्वाधिक महत्त्व आहे. फुंकर घालून समई हातभर अंतरावरूनही विझते, पण श्वास आत ओढून ती विझत नाही. खेचणारी हवा चारी बाजूंनी येते आणि तोंडापासून दूर जाताच तिचा जोर संपतो. पाइपाच्या व्यासाइतके अंतर पडले, तरी हवेचा वेग तोंडाशी असतो त्याच्या सुमारे दहाव्या भागावर येतो. म्हणून धूळ जिथे जन्मते तिथेच तिला कोंडले पाहिजे. टेबल सॉचा खालचा भाग बऱ्याच स्वस्त यंत्रांत उघडाच असतो. तो प्लायच्या पट्ट्या आणि धातूची चिकटपट्टी लावून बंद केला तर मोठा फरक पडतो. तरीही पात्याचे दात वरून खाली, म्हणजे आपल्याच दिशेने येताना काही धूळ वर भिरकावतात, आणि फळीची नुसती किनार छाटताना, जेव्हा पात्याची एक बाजू मोकळी असते, तेव्हा ती थेट छातीवर येते. त्यासाठी पात्याच्या वर झाकण आणि त्याला ७५ मिलिमीटरचा वेगळा पाइप हवाच. खर्च वाचवायचा असेल तर दुसरीकडे वाचवावा.

पाइपांच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. सांडपाण्यासाठी वापरला जाणारा एसडब्ल्यूआर पाइप ७५, ११० आणि १६० मिलिमीटर व्यासांत गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्यातही रबरी रिंगच्या जोडणीचा घेतला तर चिकटवायचे सोल्यूशन न लावता हवाबंद सांधा होतो आणि उद्या यंत्राची जागा बदलली तर सगळे सोडवून पुन्हा बसवता येते. भुसा पाइपात न साचता पुढे जायचा तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असावा लागतो. चार इंची (साधारण ११० मिलिमीटरच्या) पाइपात त्यासाठी साधारण ३५० सीएफएम हवा वाहावी लागते आणि सहा इंचीत (साधारण १६० मिलिमीटरच्या) त्याच्या सव्वादोनपट. यातून दोन्हीकडची मर्यादा कळते: अरुंद पाइप मोठ्या यंत्राचा श्वास कोंडतो आणि रुंद पाइप लहान यंत्राला पेलत नाही, त्याच्या तळाशी भुशाचा थर बसत जातो. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड, त्यांच्यामध्ये सरळ पाइपाचा तुकडा, आणि फाट्यासाठी काटकोनी टीऐवजी तिरपा फाटा असलेला वाय वापरावा. पाइपाचे सॉकेट (दुसरा पाइप ज्यात शिरतो ते रुंद टोक) हवा जिकडून येते तिकडे तोंड करून बसवावे, म्हणजे आतली कड भुशाच्या आड येत नाही. कोणताही जाणकार प्लंबर हे न सांगता करतो, कारण सांडपाण्याला हाच नियम लागू आहे. लवचिक नळी यंत्राशी जोडण्यापुरती, हात-दीड हातच ठेवावी. तिच्या आतल्या वळ्या हवेला फार अडवतात.

प्रत्येक फाट्यावर सरकती झडप हवी, आणि एका वेळी एकच उघडी. ती प्लाय व ॲक्रिलिकच्या पट्टीतून घरी करता येते, फक्त पट्टी जिथे जाऊन टेकते त्या खाचेची टोके मोकळी सोडावीत. ती बंद ठेवली तर तिथे भुसा ठासत जातो आणि काही दिवसांनी झडप पूर्ण मिटेनाशी होते. सांधे गळतात का हे पाहायला उदबत्ती पुरते: धूर जिथे आत ओढला जातो तिथे फट आहे. मात्र ही तपासणी काम सुरू करण्याआधी, पाइप व भुसा साठवायचा ड्रम पूर्ण रिकामे असतानाच करावी. निखाऱ्याचा कण भुशात जाता कामा नये.

कलेक्टरच्या आधी सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारे शंकूसारखे भांडे) लावला तर जड भुसा भिंतीला घासत खालच्या ड्रममध्ये पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. हा ड्रम काटेकोर हवाबंद हवा, नाहीतर झाकणाच्या फटीतून शिरणारी हवा पडलेला भुसा पुन्हा वर उचलते. पण सर्वांत बारीक धूळ सायक्लोनलाही चकवते, म्हणून शेवटचा प्रश्न फिल्टरचा. स्वस्त यंत्राबरोबर येणारी ३० मायक्रॉनची कापडी पिशवी भुसा अडवते आणि नेमकी घातक धूळ खोलीभर फवारते. एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण अडवणारा, मोठ्या पृष्ठभागाचा फिल्टर घ्यावा. थंड देशांत उबदार हवा वाया जाऊ नये म्हणून गाळलेली हवा खोलीतच परत सोडतात. पुण्या-नाशिकसारख्या ठिकाणी ते बंधन नाही, त्यामुळे बंगल्याभोवती मोकळी जागा असेल तर कलेक्टर बाहेर शेडखाली ठेवून हवा बाहेरच सोडणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. आत तेवढीच हवा यायला खिडकी उघडी हवी, आणि लगतच्या न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर हा मार्ग घेऊ नये, कारण त्याचा धूर उलटा आत खेचला जाऊ शकतो. सोसायटीच्या बाल्कनीतून शेजाऱ्याच्या खिडकीत धूळ सोडणे तर कोणत्याच हिशेबात बसत नाही.

दोन अश्वशक्तीचा कलेक्टर आणि टेबल सॉ एकाच वेळी चालणार असल्याने दोघांना स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आल्यावर आपोआप बंद होणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून घालून घ्यावा. खिळे, स्क्रू पाइपात जाऊ देऊ नयेत. कलेक्टरच्या आतल्या फिरत्या पंख्यावर आपटून ठिणगी पडू शकते. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेटतात, ती भुशाच्या ड्रममध्ये कधीही टाकू नयेत.

ड्रम रिकामा करताना आणि फिल्टर झटकताना, म्हणजे पकडलेली सगळी धूळ पुन्हा मोकळी होण्याच्या त्या घटकेला, नाकावर घट्ट बसणारा एन९५ मास्क असावा आणि हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. पावसाळ्यात भुसा ओल धरतो, त्याला बुरशी येते. तेव्हा ड्रम भरायची वाट न पाहता तो रिकामा करत राहावा, आणि एमडीएफ किंवा प्लायचा भुसा झाडांच्या आळ्यात न घालता पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा.